कमरेवर पुतळा, कमरेखाली पाऊस: आयरिश स्टेप डान्स शिकताना

लीकाठची | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं झाली, आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये आहे. मागच्या सप्टेंबरात लेकीला नाचाच्या क्लासला सोडायला गेले आणि पाऊस असा कोसळायला लागला की परत गाडीपर्यंत जायची हिंमत होईना. चर्चमागच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून बसून राहिले. मुलींचा क्लास सुटला, तर आठ-दहा बायका आणि दोन पुरुष, सगळे चाळिशीपुढचे, खाली बसून बूट बांधायला लागले. नाच शिकवणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "नुसती बसणार आहेस का?" मोजे होते पायात, तशीच उभी राहिले.

लेकीने डिसेंबरात क्लास सोडला. मी अजून जातेय. वय ४४. आधीचा अनुभव म्हणजे शाळेतलं लेझीम.

नाचाचं थोडक्यात सांगते. कमरेच्या वर काहीही हलायचं नाही. हात सरळ, मुठी हलक्या मिटलेल्या, मान ताठ, नजर समोर. खाली मात्र पाय एकमेकांवर आडवे टाकलेले, पावलं बाहेर वळलेली, टाच जमिनीला लागू द्यायची नाही. पहिल्या दिवशी शिकवतात ते 'सात' आणि 'तीन'. म्हणजे उजवीकडे सरकत सात पावलं, पुढचा पाय पुढेच राहतो आणि मागचा त्याच्या मागे लपत येतो. मग जागेवर दोनदा एक-दोन-तीन. मग तेच सगळं डावीकडे. कागदावर एवढंच. माझे पहिले दोन महिने यात गेले.

आणि अडचण कुठे आली, सांगू? मी मनात मराठीत मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच सगळे एका ठोक्यात बसतात, पण 'सहा' म्हणताना जीभ दोनदा हलते. बरोबर सहाव्या पावलाला माझा पाय अडखळायचा. बाईंना कळेना की ही दरवेळी सहालाच का मरते. इंग्रजीत मोजून पाहिलं तर 'सेव्हन'ला लांबले. शेवटी त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाल्या, पाय विसर, आठ दिवस नुसतं तोंडाने म्हण.

इथे कोणी शिकलंय का? कोणाची मुलं शिकतायत का? लिहा.

---

अण्णा_ठेकेवाले | शुक्रवार, रात्री १०:१५

छान धागा. पण बाई, ताल सांगा ना! नुसतं सात आणि तीन म्हणून आमचं पोट कसं भरणार?

---

खवट_खोबरं | शुक्रवार, रात्री १०:५२

प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नका. हात शिवून टाकलेले, चेहऱ्यावर भाव नाही, सगळे एका रांगेत. ही पी.टी.ची कवायत झाली. यात नाच कुठे आहे? आमच्याकडे ढोलकीवर बाई नुसती भुवई उडवते तर फड डोक्यावर घेतात लोक.

---

लीकाठची | शनिवार, सकाळी ७:३०

@अण्णा, घ्या. रील म्हणजे चारचा, तुमच्या केहरव्याच्या अंगाने जाणारा. जिग ६/८, कानाला दादरा वाटेल. जिगची चाल लक्षात ठेवायला इथली मुलं 'रॅशर्स अँड सॉसेजेस' असं भराभर म्हणतात. म्हणून बघा, सहा मात्रा बरोबर येतात. (शाकाहारी मंडळींनी माफ करा.) हॉर्नपाइपला झोका असतो, लंगडी घातल्यासारखा. आणि माझी लाडकी स्लिप जिग, ९/८. दादऱ्याला आणखी एक तिग्गा जोडा, तीन-तीन-तीन. पहिल्यांदा ऐकताना वाटतं गाणं संपलं, आणि ते संपत नाही. ती मऊ बुटांवर नाचतात, तरंगत.

धून बहुतेक ३२ मापांची असते. आठ मापं उजव्या पायाने सुरू करून नाचायची, पुढची आठ तेच सगळं डाव्याने. उजव्याने महिनाभर घोटलेलं डाव्याला ओ की ठो माहीत नसतं. एकाच अंगात दोन माणसं राहतात हे मला ४४व्या वर्षी कळलं.

@खवट, राग नाही. हाताबद्दल इथे प्रत्येकाकडे वेगळी गोष्ट असते. कोणी म्हणतं पाद्र्यांनी हात बांधायला लावले, कोणी म्हणतं खिडकीबाहेरून इंग्रज शिपायाला नाच दिसू नये म्हणून. गोष्टी रंगतदार आहेत, पुरावा कशालाच नाही. मला आपली साधी कारणं पटतात. जागा चिमूटभर असायची (दार बिजागरीवरून काढून जमिनीवर टाकायचे आणि त्यावर नाचायचे), आणि शिकवणाऱ्या मास्तरांना शिस्तीचा सोस होता. बाकी भाव कुठे असतो म्हणाल तर आवाजात. कडक बूट (टोक आणि टाच टणक असलेले, ठोक्यांचा आवाज करणारे) घातले की डोळे मिटून ऐका एकदा.

---

डब्लिनचा_दादू | शनिवार, सकाळी ११:०५

वा, आमच्या बेटावरचा धागा! मला नाचता येत नाही, पण ह्या विषयावर पकवता भरपूर येतं, तेव्हा चहा घेऊन बसा.

ते मास्तर अठराव्या शतकातले. गावोगाव फिरायचे, बरोबर एक बॅगपाइप वाजवणारा पायपर किंवा आंधळा फिडलवाला. आर्थर यंग नावाचा इंग्रज १७७६ पासून आयर्लंडभर हिंडला, त्याने लिहून ठेवलंय की गरिबातला गरीब माणूसही पोरांना नाच शिकवायला मास्तर लावतो. डावं-उजवं न कळणाऱ्या शिष्याच्या एका पायाला गवत आणि दुसऱ्याला काडाची पेंडी बांधायचे आणि 'आता गवत, आता काड' असं ओरडायचे, अशी आठवण सांगतात. लीकाठची, तुझ्या डाव्या पायाला करून बघ.

पुढे १८९३ मध्ये गेलिक लीग निघाली. मुळात भाषा वाचवण्यासाठी, पण भाषेबरोबर खेळ, गाणं, नाच सगळंच 'आपलं' काय आणि 'परकं' काय याची झाडाझडती सुरू झाली. गंमत बघा, आज अस्सल आयरिश म्हणून मिरवणारी 'केली' ही सार्वजनिक नाचाची संध्याकाळ पहिल्यांदा भरली ती लंडनमध्ये, १८९७ साली, ब्लूम्सबरी हॉलमध्ये. आयरिशमध्ये त्या शब्दाचा मूळ अर्थ संध्याकाळी शेजाऱ्याकडे गप्पांना जाणं, एवढाच. आणि खेड्यापाड्यांत लोक ज्यावर जीव टाकत ते चार जोड्यांचे 'सेट', ते क्वाड्रिल या फ्रेंच नाचावरून आलेत म्हणून लीगने नाक मुरडलं.

१९३०च्या सुमारास स्पर्धा आणि शिक्षकांचे नियम ठरवणारं मंडळ उभं राहिलं, कमिशुन. तिथून पुढे हात, मान, पाऊल सगळं परीक्षेच्या मापात आलं. १९३५ मध्ये नाचाच्या हॉलना परवाना लागेल असा कायदा झाला, आणि त्याच्या आडून पाद्री आणि पोलिसांनी घरातल्या, चौकातल्या नाचांवरही वरवंटा फिरवला. स्वयंपाकघरातला नाच हॉलमध्ये गेला आणि हॉलमधला स्टेजवर. म्हणजे खवटभाऊ, तुम्हाला जी कवायत दिसते ती नाचाची एक फांदी आहे, झाड नाही.

---

मेथीची_जुडी | शनिवार, दुपारी १२:२०

वाचतेय. दादू, पुढचं लवकर टाका. रिव्हरडान्सबद्दल कोणीच कसं बोललं नाही अजून? मी तो व्हिडिओ निदान पन्नास वेळा पाहिलाय.

---

डब्लिनचा_दादू | शनिवार, दुपारी १:४८

येणारच होतो त्यावर. ३० एप्रिल १९९४. युरोव्हिजन गाण्यांची स्पर्धा डब्लिनच्या पॉइंट थिएटरात. मतं मोजायला वेळ लागतो, तेवढ्यात प्रेक्षकांना काहीतरी दाखवायचं म्हणून सात मिनिटांचा भरणा, तोच रिव्हरडान्स. संगीत बिल व्हेलन, नाचायला जीन बटलर आणि मायकल फ्लॅटली, दोघंही अमेरिकेत जन्मलेले. फ्लॅटली शिकागोचा, १९७५ मध्ये जागतिक स्पर्धा जिंकलेला. त्याने हात मोकळे सोडले! शेवटी ती लांबलचक रांग एका ठोक्यात पुढे आली आणि हॉल उभा राहिला. त्या रात्री स्पर्धाही आयर्लंडनेच जिंकली, सलग तिसऱ्यांदा, पण जिंकलेलं गाणं आज किती जणांना आठवतं? पुढच्याच फेब्रुवारीत पूर्ण प्रयोग आला. ऑफिसातल्या पन्नाशीच्या कोणालाही विचारा, त्या रात्री तो कुठल्या खुर्चीत बसला होता ते सांगतो.

---

गजकर्ण | शनिवार, दुपारी २:१०

अवांतर: लिओ वराडकरांना येतो का हो हा नाच? आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचं मूळ, २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तर दशावतार नाहीतर हे, काहीतरी यायलाच हवं.

---

लीकाठची | शनिवार, दुपारी २:३०

गजकर्ण, तुम्ही धागा कुठेही न्याल. 😄

---

फेशवाली_आई | शनिवार, रात्री ८:१२

न्यू जर्सीतून हात वर. दोन मुली, मोठी नऊ वर्षं नाचतेय. लीकाठचीने सगळं गोड-गोड लिहिलंय, म्हणून मी जरा दुसरी बाजू सांगते.

स्पर्धेला 'फेश' म्हणतात. शनिवारी पहाटे पाचला उठायचं, दोन तास गाडी, मग एका हॉटेलच्या बॉलरूममध्ये दिवसभर बसायचं. मुलगी स्टेजवर असते दीड मिनिट. तेही एकटी नाही, एका वेळी दोघी-तिघी आपापले वेगळे स्टेप नाचतात आणि परीक्षक त्यातून निवडतात. त्याआधी विग. हो, विग! कुरळ्या बटांचा टोप, पिना टोचून डोक्यावर बसवायचा. पूर्वी रविवारी प्रार्थनेला जाताना मुलींचे केस कुरळे करायचे, त्याचं हे टोक. पांढरे मोजे घसरू नयेत म्हणून पोटरीला गोंद लावतात, त्याची खास बाटली मिळते. आणि ड्रेस नवा शिवून घेतला तर हजार डॉलरच्या पुढे सहज. भरतकाम इतकं कडक की बसता येत नाही, पोरी उभ्याने सँडविच खातात. आम्ही दोन्ही ड्रेस वापरलेले घेतले आणि नंतर विकले, त्याचा बाजार चांगला चालतो.

एका क्लासमध्ये मोठीच्या वजनावरून बोलणं झालं तेव्हा आम्ही तो सोडला. दुसरीकडे गेलो, तिथे ती रमली.

मग का करतेय? बाराव्या वर्षी तिने पहिल्यांदा स्वतःचा सेट निवडला (दादूंचे जोड्यांचे सेट नव्हेत, हा एकटीने नाचायचा). 'ब्लॅकबर्ड'. ही जुनी धून आहे, मापं नेहमीसारखी सरळ नाहीत, बेतून नाचावी लागते. घरी तळघरात रोज तासभर तेच. एक दिवस स्वयंपाक करताना माझ्या लक्षात आलं की मला वरून नुसत्या आवाजावरून कळतंय ती आज कशी आहे ते. शाळेतून चिडून आली की टाचा कडक पडायच्या. भरल्या मनाने आली की ट्रेबल, म्हणजे चवड्याचे दुहेरी ठोके, पुसट.

---

खवट_खोबरं | शनिवार, रात्री ८:४०

शेवटचा परिच्छेद वाचून माझा 'भाव कुठे आहे' हा प्रश्न मागे घेतो. विगबद्दलचं मत राखून ठेवतो.

---

तत्कार | रविवार, सकाळी ९:००

लीकाठचीच्या बाईंनी भिंतीकडे तोंड करून 'नुसतं तोंडाने म्हण' सांगितलं ते वाचून हसू आलं. आमच्या कथकच्या गुरूंनी पहिलं वर्ष हेच केलं. पढंत. हातावर ताल, तोंडात बोल, पाय स्वस्थ. जे तोंडात नाही ते पायात येत नाही, हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय!

पण सरसकट सारखेपणा नको. आम्ही पूर्ण तळवा आपटतो, गुडघा सैल, वजन खाली जमिनीत. घुंगरांचा आवाज तळव्यातून येतो. हे लोक चवड्यावर, गुडघे ताठ, सगळा ओढा वरच्या दिशेने. मी एकदा एका कार्यशाळेत जिग करून पाहिली. पाय ताल पकडत होते पण अंग सारखं खाली बसत होतं. आयोजक म्हणाला, तुम्ही जमिनीला नमस्कार करताय, आम्ही तिच्यापासून पळतोय.

तुमच्याकडे बोल आहेत का? म्हणजे आकड्यांशिवाय?

---

लीकाठची | रविवार, सकाळी १०:२५

@तत्कार, आहेत पण आपल्यासारखे ठरलेले नाहीत, प्रत्येक बाईंचे निराळे. सोप्या जिगला 'हॉप, हॉप बॅक, हॉप बॅक टू थ्री फोर'. कडक बुटाला 'ट्रेबल हॉप ट्रेबल हॉप स्टॅम्प'. ट्रेबल म्हणजे चवडा बाहेर घासत न्यायचा आणि आत आणायचा, एका हालचालीत दोन आवाज. टॅपवाल्यांच्या बुटाला धातू असतो, आमच्या टोकाला आणि टाचेला फायबरग्लास. पूर्वी खिळे ठोकायचे म्हणे.

आणि @अण्णा, ही खास तुमच्यासाठी. मला वाटलेलं की वरच्या वर्गात गेलं की संगीत जलद होत जाईल. उलटं आहे! नवशिके ट्रेबल जिग (कडक बुटांवरची जिग) मेट्रोनोमवर, म्हणजे लय मोजायच्या यंत्रावर, ९२ ला नाचतात, पुढचे ७३ ला. लय संथ होते आणि मधल्या जागेत ठोके दाट होतात.

---

अण्णा_ठेकेवाले | रविवार, सकाळी १०:४१

विलंबितात दाट बोल! अहो मग हे आमचेच लोक की. आता बघतो.

---

मेथीची_जुडी | रविवार, दुपारी ४:०५

मी पुण्यात, वय ३८, तिसरा मजला. जवळपास कोणी शिकवणारं सापडलं नाही. व्हिडिओ बघून काल 'सात' करून पाहिले. फरशीवर, अनवाणी. आज नडगी ठणकतेय आणि खालच्या काकू वर येऊन गेल्या. काय करू?

---

नडगी_दुरुस्ती | रविवार, सायंकाळी ६:३०

मी फिजिओ आहे, मेथीताई. आधी थांबा.

फरशी आणि काँक्रीट ह्या नाचाला वाईट. उडी जमीन शोषत नाही, ती परत नडगीत येते. खाली जाड रबराची किंवा व्यायामाची चटई, वर प्लायवूडचा तुकडा. मऊ गादीवर थेट नाचू नका, घोटा मुरगळतो. अनवाणी नको, पातळ पण पायाला घट्ट बसणारे कॅनव्हास चालतील.

दुसरं, पावलं बाहेर वळवायची ती खुब्यातून. बहुतेक जण गुडघा जागेवर ठेवून पाऊल तेवढं वळवतात, आणि मग गुडघा बोंब मारतो. खुब्यातून जेवढं वळेल तेवढंच तुमचं. तिसरं, नाचाआधी जिन्याच्या पायरीवर उभं राहून चवड्यावर वर-खाली, सावकाश, वीसदा. पोटरी तयार नसेल तर टाचेमागची शीर सुजते, ती महिनोन्महिने पिच्छा सोडत नाही. पहिला महिना दिवसाला दहा मिनिटं पुरेत. नडगीवर एका ठिकाणी बोट ठेवलं की कळ येत असेल तर नाच बंद आणि डॉक्टरकडे जा, ते अंगावर काढायचं दुखणं नाही.

खालच्या काकूंवर माझ्याकडे उपचार नाही.

---

फेशवाली_आई | रविवार, रात्री ७:१५

+१. आणि मऊ बूट घेतलेत कधी तर घट्टच घ्या, बोटं जेमतेम मावतील असे. कातडं सैल पडतं. आमची धाकटी नवे बूट ओले करून पायात तसेच वाळवते. कडक बूट सुरुवातीला लाकडी ठोकळ्यांसारखे असतात, ते मळून मऊ करायला घरातल्या सगळ्यांचे हात लागतात.

---

डब्लिनचा_दादू | सोमवार, रात्री १०:२०

मेथीताई, तुम्हाला दुसरी वाट सांगतो. मी झाड आणि फांदी म्हणालो होतो ना?

शान-नोस म्हणजे 'जुनी तऱ्हा'. कोनेमाराकडचा, पश्चिम किनाऱ्याचा नाच. पाय जमिनीला चिकटून, उड्या जवळजवळ नाहीत, हात मोकळे, ठरलेले स्टेप नाहीत. वाजवणारा काय वाजवतोय ते ऐकायचं आणि तिथल्या तिथे पायाने उत्तर द्यायचं. साधे चामडी बूट पुरतात. कोणी खराटा घेऊन नाचतं, दांड्यावरून पाय टाकत. मी क्लेअरमध्ये मिलटाउन मॅलबेला दर जुलैत भरणाऱ्या विली क्लॅन्सी समर स्कूलला गेलो होतो. हा त्या नावाच्या पायपरच्या स्मरणार्थ १९७३ पासून चालतो. दिवसा वर्ग, रात्री सेट. लीगने नाक मुरडलेले तेच सेट! सत्तरीतले शेतकरी असे पाय टाकत होते की आवाज फक्त जमिनीला आणि जोडीदाराला कळावा. मला एका आजींनी 'कॅलेडोनियन' सेटमध्ये ओढलं. मी चुकलो की त्या काही न बोलता माझा खांदा धरून योग्य दिशेला वळवत, जत्रेत पोराला वळवावं तसं.

तिसऱ्या मजल्यासाठी हीच तऱ्हा बरी.

---

खवट_खोबरं | सोमवार, रात्री १०:५८

हात मोकळे, ऐकून उत्तर द्यायचं, वय सत्तर. हे आधी सांगायचं ना राव. आठवडाभर मी उगाच भांडलो.

---

गजकर्ण | सोमवार, रात्री ११:०३

आठवडा कुठे, चारच दिवस झालेत. मोजायला शिका, इथे सगळं मोजण्यावर आहे.

---

लीकाठची | गुरुवार, रात्री १०:१०

दादू, शान-नोस मी पाहिलाय आणि मोह होतो. पण खरं सांगू, मला ते शिवलेले हात आवडायला लागलेत. दिवसभर ऑफिसात, घरात हातांनीच कामं, हातवारे करत बोलणं, समजावणं. मंगळवारी तासभर हातांना काही काम नसतं. पहिल्यांदा विचित्र वाटलं, आता त्या तासाची वाट बघते. मुलांच्या स्पर्धा, विग, त्यात मला पडायचं नाही. मोठ्यांसाठी फेशमध्ये वेगळा गट असतो, बाई मागे लागल्यात, बघू.

परवा मंगळवारी क्लासमध्ये स्लिप जिगचा दुसरा स्टेप. उजवा बसला होता. डाव्याला मी पुन्हा सुरुवातीपासून तोंडाने म्हटलं, गाडीत, भांडी घासताना, लिफ्टमध्ये. आकडे टाकून दिले. तत्कारचं वाचून 'ता-कि-ट, ता-कि-ट, ता-कि-ट' लावलं, नऊ बरोबर. संध्याकाळी डावा पाय गेला! दोनदाच गेला, तिसऱ्यांदा भिंतीवर आदळले, पण गेला.

बाई जवळ आल्या. मला वाटलं पाय बघतायत. त्या तोंड बघत होत्या. म्हणाल्या, "हे काय म्हणतेयस? पुन्हा म्हण." म्हटलं. मग माझ्या शेजारची, निवृत्त पोस्टवाली, ती पण म्हणायला लागली. तिचा 'ट' फार मऊ आहे, 'ताकित' होतं. पुढच्या मंगळवारी सुधारते.

मेथीताई, प्लायवूड आणलंत का? आणि काकू काय म्हणाल्या?

---

मेथीची_जुडी | शुक्रवार, सकाळी ८:०२

आणलं. चार बाय तीन, खाली योगाच्या दोन चटया. काकू काल परत आल्या होत्या. आवाज यायचा बंद का झाला, बरी आहेस ना, म्हणून विचारायला.